तीन संस्था, एक चूक

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. बावीस वर्षं मुद्रितं तपासताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून क्वचितच सुटली होती.

निवडणुकीला बारा दिवस होते. मालकांनी तीन पत्रकांचे मजकूर त्यांच्या टेबलावर ठेवले. एक ज्येष्ठांच्या मंडळाचं, एक दुकानदारांच्या संघाचं, एक मातांच्या मंचाचं. भाषा वेगवेगळी, पण एक वाक्य तिन्हींत होतं: ‘रंगारी वस्तीतल्या ज्यांनी पुनर्रनोंदणी केली नसेल, त्यांना मतदान करता येणार नाही.’

‘पुनर्नोंदणी’त हा जादाचा र कुठून घुसला? एकाचा हात चुकला असेल, पण तिघांचा नेमका त्याच अक्षरावर? बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

त्यांची नणंद त्याच वस्तीत राहायची. तिला फोन केला, तर तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग बाईंनी निवडणूक कचेरीत विचारलं.

“पुनर्नोंदणी? कसली?” तिथला कारकून म्हणाला. “यादीत नाव आहे ना? मग यायचं, मत द्यायचं, घरी जायचं.”

म्हणजे पत्रकं धादांत खोटी होती. मग ती काढतंय कोण?

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून बाई निघाल्या. मंडळाच्या पत्त्यावर लोकरीचं दुकान निघालं. दुकानदारीणबाईंनी मंडळाचं नावही ऐकलं नव्हतं. संघाचा पत्ता बावन्न नंबरचा, आणि रस्ता अडतीसलाच संपत होता. मंचाच्या पत्त्यावर मात्र पाटी होती, एका बांधकाम ठेकेदाराची. आत टेबलाशी बसलेल्या मुलीने हसून विचारलं, “छापखान्यातून आलात का मावशी? तिन्ही चेक आजच हवेत? साहेबांची सही व्हायचीय अजून.”

“तिन्ही इथूनच?”

“हो, तिन्ही संस्था साहेबांच्याच ना.”

एवढं सोपं उत्तर मिळेल असं बाईंना वाटलं नव्हतं. रंगारी वस्तीची जागा ठेकेदाराला हवी होती, हे गावभर माहीत होतं. वस्तीची मतं त्याने निवडणुकीला उभ्या केलेल्या माणसाला पडणार नव्हती, हेही.

मालकांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “बाई, आपण छापणारे. लोकांच्या भानगडीत कशाला पडायचं?”

“पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव आपलं असतं, मालक. आणि पैसे कुणी दिले तेही लिहावं लागतं. कायदाच आहे.”

मालक बराच वेळ शाईचे हात पुसत राहिले. महिन्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. शेवटी त्यांनीच ठेकेदाराला फोन लावला. “साहेब, ते वाक्य काढा आणि तळाशी तुमचं नाव टाका. मग छापतो.” पलीकडून फोन आपटल्याचा आवाज बाईंनाही ऐकू आला.

पत्रकं दुसरीकडे छापली गेली, अर्ध्या वस्तीत वाटलीही गेली. पण तोवर बाईंनी तिन्ही मजकूर कचेरीत देऊन आपला जबाब लिहून दिला होता. दुसऱ्याच दिवशी कचेरीची माणसं गल्लोगल्ली फिरली: पत्रकं खोटी आहेत, कुठलीही नोंदणी लागत नाही. मतदानाच्या दिवशी नणंद दीड तास रांगेत उभी राहिली आणि संध्याकाळभर पायांची कुरकुर करत राहिली. ठेकेदाराचा माणूस पडला, थोड्याच मतांनी. ठेकेदाराला दंड झाला. त्याने तो भरला आणि कामाला लागला.

आठवड्याने ठेकेदाराकडची ती टेबलाशी बसणारी मुलगी छापखान्याच्या दारात उभी राहिली. तिला कामावरून काढलं होतं.

“मी खोटं काय सांगितलं होतं, मावशी?” तिने विचारलं. तक्रार नव्हती त्यात; तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

इतक्या दिवसांत या पोरीचा विचार एकदाही आपल्या मनात आला नाही, हे बाईंना फार लागलं. त्यांनी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि छापखान्यात हिला काही काम आहे का, हे मालकांना विचारायला गेल्या.