दोन सरळ रेघा

रामनगरच्या हायस्कुलात भिकाजी सरांनी उभी हयात गणित शिकवलं, पण एकाही पोराला कधी 'शाब्बास' म्हटलं नाही. उत्तर चुकलं तर ते 'बस' म्हणत आणि बरोबर आलं तर 'पुढं' म्हणत. सरांच्या तोंडून 'पुढं' ऐकलेली माणसं आज ट्रकमालक आहेत, पंचायतीत आहेत, गोव्यात हॉटेलं चालवतात, आणि सर रस्त्यात दिसले की अजून हातातली विडी टाकतात.

सरांची दुसरी ख्याती अर्ध्या गुणाची. वर्तुळाच्या गणितात 'पाय'ची किंमत बरोबर बावीस सप्तमांश असं जो लिहील, त्याचा अर्धा गुण ते कापत. एका पालकानं गाइड आणून दाखवलं की यातही तसंच छापलंय. सरांनी लाल पेन काढून गाइडचाही अर्धा गुण कापला आणि ते परत दिलं. बावीस सप्तमांश ही पायची जवळपासची किंमत आहे. बरोबर वेगळं आणि जवळपास वेगळं, आणि एवढं ज्याला कळलं त्याला गणित कळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. घरात हे म्हणणं फारसं चालत नसे. लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांनी एकदा शकुंतलाबाईंच्या रांगोळीतले ठिपके समान अंतरावर नाहीत असं सुचवलं होतं. त्यानंतर गणित उंबऱ्याच्या आत यायचं नाही असं ठरलं, आणि ते दोघांनीही पाळलं.

निवृत्त झाल्यावर सरांनी भूमितीचं एक पुस्तक लिहायला घेतलं. झिलूनं गळ घातली होती. झिलू त्यांचा जुना विद्यार्थी, आता कुंभारवाडा गावाकडच्या एका शाळेत गणित शिकवायचा. रानातल्या पोरांना क्लास नाही, शिकवणी नाही, तर सर शिकवायचे तसं एक पुस्तक तरी असू दे, असं त्याचं मागणं होतं. निम्मं पुस्तक लिहून झालं आणि सरांचा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग अक्षर हललं, मग अक्षर गेलं. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि लिहिण्याचे कष्ट घेऊ नका म्हणाले. हे सल्ला म्हणून सांगितलं की गंमत म्हणून, ते सरांना कळलं नाही.

झालेलं टाइप करून घ्यावं म्हणून वही बेळगावला पाठवली, तर टायपिस्टानं अपूर्णांकाची आडवी रेघ तिरकी करून सगळं एका ओळीत आणलं आणि वर्गाचे दोन वरून खाली उतरवून अक्षराच्या शेजारी बसवले. सरांनी ते कागद पाहिले आणि जेवले नाहीत.

तेव्हा नातीनं, अंकितानं, आपला टॅब आणून दिला. ती बेळगावला इंजिनिअरिंगला होती. टॅबवर पेननं गणित लिहायचं आणि खालचं बटण दाबायचं, की लिहिलेलं सगळं छापील होऊन येतं.

"आज्जा, कसंही लिवा," ती म्हणाली. "ते समजून घेतंय."

आणि खरंच त्यानं समजून घेतलं. सरांनी काढलेला अपूर्णांक वाऱ्यावरच्या दोरीसारखा हलत होता; बटण दाबल्यावर तो अंश वर, छेद खाली, मधे ताठ रेघ, असा उभा राहिला. वर्गमूळाला छप्पर आलं. वर्गाचे दोन आपल्या जागी जाऊन बसले. सर बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

त्यांनी झपाट्यानं त्रिकोणाचं सगळं प्रकरण लिहून काढलं आणि अंकिताकडून झिलूला फोनवर पाठवलं. झिलूच्या गावात रेंज नाही. तालुक्याला, जोयड्याला, मीटिंगला आला तेव्हा त्याला ते मिळालं, आणि तिथंच झेरॉक्सच्या दुकानात छापून घेऊन तो परत रानात गेला.

काही आठवड्यांनी झिलू रामनगरच्या बाजाराला आला आणि कोनफळांची पिशवी घेऊन सरांकडे डोकावला. शकुंतलाबाईंनी चहा दिला. झिलू ओसरीवर बसला, पण त्याच्या मनात काहीतरी होतं.

"सर, प्रकरण शिकवलं," तो म्हणाला. "पोरांना लई पटलं."

"कुठलं पटलं?"

"तेच. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज जवळपास एकशे ऐंशी."

सर चहा प्यायचे थांबले.

झिलूनं पिशवीतून कागद काढले. सरांनी ते डोळ्यांजवळ धरले. बरोबरच्या चिन्हाच्या दोन सरळ रेघा असतात. त्याच रेघा नागमोडी झाल्या, एकावर एक दोन लाटा उठल्या, की अर्थ होतो 'जवळपास'. कागदावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लाटाच लाटा होत्या. टॅबनं सरांची अक्षरं समजून घेतली, आकडे समजून घेतले, वजाबाकीची एकटी रेघसुद्धा चालवून घेतली. पण एकाखाली एक दोन रेघा कापऱ्या हातानं आल्या की त्याला वाटे, या माणसाला जवळपास म्हणायचंय. त्या बारक्या पडद्यावर सरांना हे दिसलंच नव्हतं. ते अपूर्णांकांकडे बघत होते.

"झिलू, तुला शंका नाही आली?"

"आली की. पण तुमी लिवलंय म्हंजे काय तरी असणार म्हटलं. विचारायला रेंज न्हाई." झिलू प्रामाणिकपणे म्हणाला. "मग पोरांना कोनमापकानं मोजायला लावलं. कुणाचे एकशे एकोणऐंशी आले, कुणाचे एकशे एक्क्याऐंशी. मी म्हटलं, बगा, सर उगाच लिवत न्हाईत."

चूक सुधारून शिकव, एवढंच सरांनी झिलूला निघताना सांगितलं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी लोकांचे अर्धे गुण कापले, तीच आता एक अख्खा वर्ग त्यांच्या नावावर घोकत होता, आणि त्यांना मनस्वी लाज वाटली.

अंकिताला फोन केला. ती म्हणाली, सोपं आहे. चुकलेल्या चिन्हावर बोट ठेवायचं, न हलवता दाबून धरायचं, मग दुसरं चिन्ह निवडता येतं. सरांनी दोन दिवस न हलवता बोट दाबून धरण्याचा प्रयत्न केला. मग त्यांनी टॅब बंद केला आणि कपाटात ठेवून दिला.

त्यानंतर ते ओसरीवर बसून राहू लागले. घरासमोरून गोव्याकडे जाणारे ट्रक जात. सरांना सवय होती, ट्रकचा नंबर दिसला की त्याचे अवयव पाडायचे. ते पुटपुटत, शकुंतलाबाई आतून ऐकत. आता ट्रक नुसते जात. दोन-चार दिवस ती शांतता ऐकून शकुंतलाबाईंना धास्ती वाटायला लागली. ज्या गणिताला त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं ते खरंच निघून गेलं, तर या माणसाचं मागं काय राहील, हे त्यांना काही केल्या सुचेना.

एका दुपारी त्या टॅब घेऊन ओसरीवर आल्या.

"हे माझ्या साड्यांवर कशाला ठेवलासा?"

"असू दे. झालं ते पुस्तक."

"झालं कुठं? झिलू म्हणत हुता निम्मंच हाय." त्या खाली बसल्या. "कुठल्या रेघा जमंनात?"

सरांनी हवेत बोटानं दोन रेघा काढून दाखवल्या. त्या अर्थातच हलल्या.

"एवढ्याच? तुम्ही बाकीचं लिवा, जागा सोडा. रेघा मी काढते."

रोज पहाटे उंबऱ्यावर रांगोळी घालणारा हात. पेन चिमटीत धरून त्यांनी पहिल्या रिकाम्या जागेत दोन रेघा ओढल्या, बटण दाबलं, आणि बरोबरचं चिन्ह असं आलं की सरांना त्यात काही खोट काढता येईना. ठिपक्यांची आठवण दोघांनाही झाली असावी. कुणी काढली नाही.

त्रिकोणाच्या प्रकरणाचं पहिलं पान असं पुन्हा पुरं झालं. दुसऱ्या दिवशी सरांनी कोनांच्या बेरजेच्या तीन ओळी लिहून टॅब पुढं सरकवला, तर शकुंतलाबाई पेन हातात घेऊन नुसत्याच बसल्या.

"काढ की."

"ह्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू सारख्याच हायत?"

"आहेत."

"मला कुठं दिसालंय?"

"अगं, मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगतासा व्हय." शकुंतलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडं खळ्यावर भात मोजताना माप भरणारा एक आणि वरनं फळी फिरवणारा दुसरा. फळी फिरवली म्हंजे माप बरोबर हाय असं त्यानं म्हटलं. मग त्याला माप दिसाय नको? डोळं झाकून फळी फिरवणाऱ्याला माझा बा खळ्यात उभा करत नव्हता."

शकुंतलाबाईंचं माहेर खानापूरकडचं, शाळा सातवीपर्यंतची. सरांनी आधी रागावून पाहिलं. मग एका कागदाचा त्रिकोण कापला, त्याचे तीन कोपरे फाडून शेजारी-शेजारी ठेवले. खालून सरळ रेघ झाली.

"हां, आता दिसलं," म्हणत बाईंनी पेन उचललं.

"थांब," सर म्हणाले. ते आपणहून त्यांना थांबवत होते, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "हे नुसतं दिसणं झालं. फाडताना केसभर इकडं-तिकडं झालं तर? झिलूच्या पोरांनी हेच केलं."

मग ते उंबऱ्यापाशी गेले. सकाळच्या रांगोळीत एकमेकींना कधीही न भेटणाऱ्या दोन रेघा होत्या. खालच्या रेघेवर त्यांनी खडूनं त्रिकोण उभा केला, त्याचा शेंडा वरच्या रेघेला टेकवला. हात कापत होता, त्रिकोण ओबडधोबड झाला, पण सांगताना आवाज कापला नाही. शकुंतलाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्या वाकल्या आणि त्यांनी बोट फिरवलं.

"म्हंजे हा खालचा कोन हितं वर गेला. आणि हा तिकडं. आणि मधला हाय तिथंच. तिन्ही मिळून सरळ रेघ." त्या सरळ झाल्या. "मग त्रिकोण कसला बी असू दे की."

"कसलाही असू दे."

सरांना इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ते रस्त्याकडे बघू लागले. बाईंनी टॅबवर दोन रेघा काढल्या.

"पुढं," सर म्हणाले.

"पुढं काय? कधी शाब्बास म्हणायला जीभ जड हुतीया व्हय?"

त्या दिवशी घरासमोरून गेलेल्या एका ट्रकचे अवयव त्यांनी मोठ्यानं पाडले.

पावसाळाभर हे चाललं. भात शिजायला ठेवून बाई ओसरीवर यायच्या, आणि पटल्याशिवाय एक रेघ ओढायच्या नाहीत. पायथागोरसपाशी त्या तीन दिवस अडून बसल्या. सरांनी तो चार रीतींनी समजावला; चौथीला पटला, आणि तीच रीत पुस्तकात गेली, कारण बाकीच्या तिन्हींत आपण काहीतरी गृहीत धरून पुढं पळतो हे सरांनाही उमगलं. झिलूला एकेक प्रकरण जाऊ लागलं. जोयड्याहून त्याचा फोन यायचा, की सर, आता सगळं बरोबर हाय. कोण बरोबर करतंय ते सरांनी त्याला एकदा सांगितलं. पुढच्या खेपेला कोनफळांची पिशवी बाईंच्या नावानं आली.

शेवटचं प्रकरण वर्तुळाचं. हात आता जास्तच कापत होता. पूर्वी एका पानाला लागे तेवढा वेळ एका ओळीला लागे, आणि वाक्याच्या शेवटी सर पेन खाली ठेवून मनगट दुसऱ्या हातानं धरून बसत. हे आपलं शेवटचं लिहिणं आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि शकुंतलाबाईंनाही.

त्या दिवशी सरांनी पाय लिहिला, जागा सोडली, पुढं बावीस सप्तमांश लिहिलं, आणि सवयीनं टॅब बाईंकडे सरकवला.

बाईंनी पेन घेतलं. "ह्या दोन्ही बाजू सारख्या?"

"नाहीत," सर म्हणाले. "जवळपास. सारख्या कधीच व्हायच्या नाहीत. किती का आकडे काढेनास."

"मग मी कशी काढू?"

सरांनी क्षणभर विचार केला. बरोबर होतं; तिच्या हातून सरळच रेघा येणार. लाटा कशा काढायच्या ते तिला शिकवावं लागेल, असं ते म्हणणार, तोच शकुंतलाबाईंनी पेन उलटं करून त्यांच्यापुढं धरलं.

"ही जवळपासची खूण तुमचीच हाय. तुम्ही काढा."

सरांनी पेन घेतलं. लाटा काढायला ते गेले नाहीत. फळ्यावर हजारदा काढल्या होत्या तशा दोन सरळ रेघा त्यांनी मन लावून काढल्या, आणि हात त्याच्या मनासारखा कापला. बटण दाबल्यावर टॅबनं किंचित वेळ घेतला आणि पाय व बावीस सप्तमांश यांच्या मधोमध एकावर एक दोन लाटा आणून ठेवल्या. नेमकं तेच चिन्ह, तिथंच. अर्धा गुण कापायला कुठं जागा नव्हती.

सर त्या पानाकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या खेपेला त्यांनी चष्मा पुसला नाही.

शकुंतलाबाईंनी वाकून ते चिन्ह नीट पाहिलं, डावी बाजू पाहिली, उजवी बाजू पाहिली.

"पुढं," त्या म्हणाल्या.