भेटायची वेळ

शर्वरीने खुर्चीवरची केळी उचलून खिडकीत ठेवली आणि नव्याने आलेल्या जोडप्याला बसायला जागा करून दिली. खुब्याच्या ऑपरेशननंतरचा हा सहावा दिवस. भेटायची वेळ चार ते सहा, एका वेळी दोघंच, असं खाली दारातच लिहिलेलं होतं. पण तारनाक्याची अख्खी रेल्वे कॉलनी आपापल्या सोयीने येत होती. तिचे सासरे, मुकुंदराव, प्रत्येकाला आपण कसे पडलो ते पहिल्यापासून सांगत. माणसं उठून गेली की डोळे मिटून घेत आणि बराच वेळ पाणीही मागत नसत.

सकाळी डॉक्टर म्हणून गेले होते, माणसं आवरा, जखम अजून ओली आहे. तिचा नवरा अनिकेत ऑफिस आटोपून रात्री झोपायला यायचा; दिवस शर्वरीचा होता. त्या संध्याकाळी तिने खाली जाऊन गार्डला सांगितलं, उद्यापासून चारशे बारा नंबरला कुणालाही सोडू नका. कॉलनीच्या ग्रुपवरही तसं टाकलं.

दुसऱ्या दिवशी खरंच कुणी आलं नाही. खुर्चीतच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मुकुंदराव उशीला टेकून बसले होते. केस नीट विंचरलेले, नजर दाराकडे.

"बाबा, आज कुणी येणार नाही. मीच नको म्हणून सांगितलंय."

"बरं केलंस," ते म्हणाले. नजर मात्र तिथून हलली नाही.

सहा वाजता ती चहा प्यायला खाली उतरली. गार्डने तिला थांबवलं.

"एक बुड्ढे साब आए थे, मैडम. भाई हूँ बोले. तुम मना करे बोलके मैं नै छोड़ा. घंटाभर उस बेंच पे बैठे, फिर चले गए."

शर्वरी बेंचकडे पाहत राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण किशोरकाकांना तिने फक्त फोटोत पाहिलं होतं. गौलीगुड्याचं वडिलोपार्जित घर विकलं तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते, आणि घरात त्यांचं नाव निघत नसे.

चहा न घेताच ती वर आली. सांगू नये असं लिफ्टमध्ये वाटत होतं. खाटेशी आल्यावर तिने सांगून टाकलं.

"काका आले होते. माझ्यामुळे परत गेले."

मुकुंदरावांनी चादरीची घडी दोनदा सारखी केली.

"किती वेळ बसला होता?"

"तासभर."

"तासभर," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "सिस्टरला विचार, उद्या चाकाची खुर्ची मिळेल का. चारच्या आधी मला खाली नेऊन बसव."