तीनशे बारा नंबरचा दाता आणणारा मी

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा, पण आमच्यात सात वर्षांच्याला आजोबाच म्हणतात! एका रक्तपेढीच्या वेबसाइटमध्ये राहणारा, आलेला निरोप घेऊन काम करवून घेणारा प्रोग्रामचा तुकडा म्हणजे मी. मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी दिवसभर धावपळ माझीच असते.

माझा जन्म एका प्रोग्रामर ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. एका बाजूला तिची आई शेंगा सोलत होती आणि दुसऱ्या बाजूला ताई मला लिहीत होती. माझं काम ऐका. कोणी पडद्यावर बटण दाबलं की माझ्याकडे निरोप येतो, "दाता, नंबर तीनशे बारा, दाखव." तेव्हा माझ्याजवळ काहीच नसतं. मग मी मॉडेलला, म्हणजे नोंदी शोधून आणणाऱ्या माझ्या जोडीदाराला, हाक मारतो. तो डेटाबेसच्या कोठारात शिरतो, तीनशे बाराची नोंद शोधतो आणि तिचा अख्खा दाता करून माझ्या हवाली करतो. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान, सगळं त्यात असतं! काम झालं की तो दाता जातो आणि पुढच्या निरोपाला मी पुन्हा रिकामा. दर वेळी नव्याने आणायचं! मला तर यातच मजा वाटते.

दाखवणं, बदलायला उघडणं, बदल जपणं, काढून टाकणं, या चारही कामांत पहिली ओळ तीच होती, "दाता आण." ताईने ती चारही ठिकाणांहून उचलली, माझ्या डोक्यावर, म्हणजे फाईलच्या अगदी वर, एकदाच लिहिली आणि शेजारी चार कामांची यादी दिली. या चारांच्या आधी दाता आणायचा, बाकीच्यांना नाही. तिच्या साहेबांनीही कौतुक केलं. मी तर फुगून गेलो!

पुढे सहा वर्षं माझी फाईल कोणी उघडली नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग दात्यांनी तक्रार केली की आमचे फोन नंबर कोणालाही दिसतात आणि नको ते फोन येतात. ताईने ते सगळ्यांपासून, अगदी रक्तपेढीतल्यांपासूनही, झाकले आणि मला पाचवं काम दिलं, "बोलवा." बटण दाबलं की दात्याला निरोप जायचा. करून पाहताना तिने त्या कामात "दाता आण" ही ओळ लिहिली होती. सगळं छान चाललं. मग ती हसून म्हणाली, "अगं बाई, ही तर वर आहेच की!" आणि तिने ती पुसली. वरच्या यादीत मात्र "बोलवा" हे नाव नव्हतंच. पुसल्यावर तिने पुन्हा चालवून पाहिलं नाही. मला दिसत होतं, पण मला सांगता येत नाही ना!

तीनच दिवसांनी, भर दुपारी, ताईचा फोन खणखणला. रक्तपेढीतले काका होते.

"पोरी, बटण दाबलं की लाल पाटी येतेय! दाताच नाही म्हणते. अगं, माणूस तर मला समोर पडद्यावर दिसतोय!"

"काका, घाबरू नका. कोणाला हवंय रक्त?"

"बाळंतीण आहे. या गटाची एकच पिशवी होती, ती लावून झाली. यादीत तिघंच आहेत. एक परगावी, एकाने मागच्या महिन्यातच दिलंय. हा तीनशे बारा नंबरचा शिंपीच उरलाय. डॉक्टर माझ्या मागे उभे आहेत बघ!"

ताईने माझी फाईल उघडली. वरून खाली, खालून वर वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आई गं! मीच पुसली!"

माझ्या डोक्यावरच्या यादीत "बोलवा" हा एक शब्द वाढला. या वेळी तिने आधी स्वतः चालवून पाहिलं आणि मग मला रक्तपेढीकडे पाठवलं.

"काका, दाबा आता!"

काकांनी दाबलं. मी हाक मारली, मॉडेल धावला आणि आला! तीनशे बारा, अख्खाच्या अख्खा, माझ्याजवळ आला! निरोप सुटला. वीस मिनिटांत शिंपीदादा हजर झाले, मापाची टेप गळ्यात तशीच! संध्याकाळी काकांचा पुन्हा फोन आला. "शुद्धीवर आली गं. पहिलं काय विचारलं, तर बाळ कुठंय!" ताई टेबलावर डोकं ठेवून रडली आणि तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या ओळी खुशाल पुसा, आम्हाला राग नाही. पण पुसल्यावर एकदा बटण स्वतः दाबून बघा. नाहीतर ते पहिल्यांदा दाबणारे काका असतील आणि त्यांच्या मागे डॉक्टर उभे असतील.