बेंतेनच्या शेजारची रिकामी जागा

डिसेंबरातल्या एका सकाळी व्यापारी संघाचे अध्यक्ष कुरोइवासान धापा टाकत डोंगरावरच्या देवळात आले, तेव्हाच तोकिएच्या मनात पाल चुकचुकली. गरज पडल्याशिवाय एक पायरीही चढणारा हा माणूस नव्हे. ती ज्युरोजिन देवापुढच्या वाटीतलं पाणी बदलत होती. हातातली सेवा अर्धवट टाकून बोलायला लागणं तिला जमत नसे. तिने पाणी ठेवलं, भाताची लहानशी मूद ठेवली, हात जोडले आणि मगच वळून त्यांना बसायला दिलं.

त्यांनी पिशवीतून एक लाकडी चौकट काढून मांडीवर ठेवली. गावात सात भाग्यदेवांची सात देवळं, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या सात दिवसांत लोक सातही ठिकाणी फेरी मारून येत. गेल्या वर्षी संघाने या फेरीसाठी जिगसॉ कोडं काढलं होतं. चौकटीत देवांचं खजिन्याचं जहाज कोरलेलं. शीड, लाटा सगळं जागच्या जागी, फक्त देवांच्या जागा रिकाम्या. प्रत्येक देवळात नमस्कार केला की त्या देवाचा तुकडा हातात मिळायचा. मासा बगलेत मारलेला एबिसु, तांदळाच्या पोत्यांवर उभा दाइकोकु, ढेरपोट्या होतेइ, असं करत करत जहाज भरायचं आणि वर्षभर घराच्या दारापाशी टांगायचं.

कल्पना सुरेख होती. घोडं पेंड खात होतं ते ज्युरोजिनपाशी. हा दीर्घायुष्याचा देव, काठी टेकून उभा असलेला म्हातारा, पायाशी हरीण. आणि नेमकं त्याचंच देऊळ डोंगरावर. लोक खालची सहा देवळं करत, वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे एकदा बघत आणि चहा प्यायला जात. निम्म्या गावाच्या जहाजाला त्यामुळे भोक पडलं होतं. कुणी तिथे नातवाचा फोटो चिकटवला होता, कुणी मांजराचा.

"फोटोचं एक वेळ जाऊ द्या," कुरोइवासान घाम पुसत म्हणाले, "पण बेंतेन पडते हो."

तुकडे एकमेकांत अडकतील असेच कापलेले होते. बेंतेन देवीच्या वाद्याची मान ज्युरोजिनच्या हरणाच्या शिंगांत बसायची. हरीणच नाही म्हटल्यावर देवीला धरणार कोण? जरा दार आपटलं की ती खाली. एका घरी तर ती पाहुण्याच्या बुटात पडली आणि बुटासकट त्याच्या घरी गेली. वर्षभर संघाच्या फोनवर हीच गाऱ्हाणी चालली होती.

मग त्यांनी खरं काम सांगितलं. यंदा जुनेच तुकडे वाटायचे. पण पुढच्या वर्षीच्या कोड्यात ज्युरोजिनच्या जागी किचिजोतेन देवी घ्यावी असं संघात चाललं होतं. स्टेशनजवळच्या देवळात होती ती. पायऱ्या नाहीत, शिवाय गाड्या लावायला जागा.

"आणि नाही तरी तुमचे म्हातारबाबा आणि फुकुरोकुजु एकाच ताऱ्याची रूपं म्हणतात," ते म्हणाले. "एक लांब डोक्याचा, एक आखूड डोक्याचा. एका जहाजावर दोन दोन म्हातारे कशाला, तोकिएसान?"

"बाकीचे काय परवा जन्मले?" तोकिएने हळूच विचारलं.

कुरोइवासान हसले. माणूस वाईट नव्हता. तुकड्यांची पेटी यंदा रिकामी झाली तर मी स्वतः तुमच्या बाजूने बोलेन, असंही म्हणाले. पण भरलेली राहिली तर नाइलाज. जाताना त्यांचं देवाला मान तुकवायचं राहूनच गेलं, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

ते गेल्यावर ती तशीच बसून राहिली. या देवळाला स्वतःचा पुजारी नव्हता. पलीकडच्या खोऱ्यातले एनशुनभटजी अशी कितीतरी देवळं सांभाळत, आणि इथलं झाडणं-पुसणं, पाणी, भात हे सासूने जाताना तोकिएच्या हाती दिलेलं. फेरीतून नाव गेलं की उरलेसुरले लोकही यायचे नाहीत. मग देवळाला कुलूप लागेल आणि मूर्ती मोठ्या मठाच्या कोठारात जाईल, कापडात गुंडाळून, दुसऱ्या बेवारशी देवांच्या रांगेत. तोकिएला तेच सोसणार नव्हतं. तिचे गुडघेही आता कुरकुरायला लागले होते. पण जोवर चढवतंय तोवर चढायचं, एवढंच ती मनाशी म्हणत आली होती.

नवं वर्ष लागलं. ती सकाळीच वर जाऊन शेगडी पेटवी, तांदळाचं गोड गरम पेय मांडी आणि पेटी उघडून बसे. धावण्याचा सराव करणारा एकजण आला. एक नवं जोडपं आलं, फोटो काढून गेलं. वरचेवर खालून हसण्या-बोलण्याचा आवाज येई, ती सावरून बसे, आणि आवाज पायऱ्यांच्या तोंडाशीच वळून जाई. पेटीतली हरणं जवळजवळ तशीच.

चौथ्या दिवशी टॅक्सीवाला इगाराशी वर आला. पांढरे हातमोजे, टोपी मागे सरकलेली, आणि बगलेत चार चौकटी.

"आजी, चार तुकडे द्या बघू. चार जणी गाडीत बसल्यात."

तुकडा देवापुढे उभं राहणाऱ्यालाच मिळतो, असं तोकिएने त्याला समजावून सांगितलं. त्यांनी खालूनच नमस्कार केलाय, मी साक्षीला आहे, असं तो म्हणाला. ती मान हलवेना, तेव्हा तो देवापुढे गेला आणि चार वेळा वाकला, दर वेळी निराळ्या बाईसारखा. एकदा कंबर धरून, एकदा बाहीने डोळे पुसल्यासारखं करून. तोकिएला हसू फुटत होतं. तरी तिने पेटीवरचा हात काढला नाही. देवाचं जे काही द्यायचं ते देवापुढे येणाऱ्यालाच, हा सासूने घालून दिलेला नेम होता. आपल्या सोयीसाठी देवाचा नेम वाकवायचा, तर मग कुरोइवासानमध्ये आणि आपल्यात फरक काय उरला?

इगाराशीने टोपी नीट केली.

"राग मानू नका, आजी. पण जो या पायऱ्या चढून येतो, त्याला दीर्घायुष्याच्या देवाची घाई कसली? ज्यांना घाई आहे त्या खाली बसल्यात, मांडीवर घोंगड्या घेऊन."

तो रिकाम्या हाताने उतरला. तोकिए कठड्याशी गेली. खाली टॅक्सीची दारं उघडी होती आणि चारही म्हाताऱ्या हात जोडून मनोभावे वाकल्या होत्या. देऊळ नेमकं कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं बिचाऱ्यांना. त्या गावच्या पाण्याच्या टाकीला नमस्कार करत होत्या.

तोकिएच्या मनात आलं, आपण इतकी वर्षं देव राखला, की देव अडवून धरला?

त्या दुपारी तिने देवळाचं दार लवकर ओढलं आणि घरी येऊन एनशुनभटजींना फोन लावला. ज्युरोजिनला खाली नेलं तर चालेल का, असं तिने विचारलं. भटजींनी आधी तोंडातला मोचीचा, तांदळाच्या चिकट वडीचा, घास गिळला. मग म्हणाले की पूर्वी देव असे गावोगाव जात, लोकांना दर्शन देऊन परत येत, त्यात वावगं काही नाही. "पण एक लक्षात ठेवा, तोकिएसान. खाली उतरवणं सोपं असतं. एकदा खाली दिसला की लोक म्हणतील, इथेच राहू दे. तेव्हा तुम्हालाच त्याला घरी न्यावं लागेल."

सकाळी तिने पाणी ठेवलं, भात ठेवला आणि रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ बसली. मूर्ती होती वीतभर उंचीची, धुराने काळवंडलेली, एका कानाचा टवका उडालेली. तिने ती कोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि मूल पाठीला बांधायच्या जुन्या पट्ट्याने पाठीशी बांधली. तिची दोन्ही मुलं याच पट्ट्यात वाढली होती. "सावकाश जाऊ," असं ती म्हणाली, देवाला की गुडघ्यांना कोण जाणे, आणि तुकड्यांची पेटी बगलेत मारून एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरली.

पायऱ्यांच्या तोंडाशी मोरिएचं तोफूचं दुकान होतं. मोरिएने पाठीवरचं गाठोडं बघितलं आणि कुणाचं बाळ म्हणून विचारलं. उत्तर ऐकून तिने हातातला झारा खाली ठेवला. मग एक खोकं पालथं घातलं, त्यावर लाल कापड पसरलं, आणि मागे होऊन काळजीने म्हणाली, "सोयाबीनच्या चोथ्याचा वास येतो इथे. चालेल ना त्यांना?"

"म्हातारे आहेत," तोकिए म्हणाली. "मऊ तोफू बघून खूशच होतील."

इगाराशीला मोरिएनेच फोन केला. अर्ध्या तासात टॅक्सी दारात. सगळ्यांत आधी उतरली ती फुमिनो आजी, नव्वदी ओलांडलेली, कंबरेत पार वाकलेली, त्यामुळे खोक्यावरच्या देवाशी तिची नजर बरोबर समोरासमोर आली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिने नमस्कार केला. तोकिएने दोन्ही हातांनी तिला तुकडा दिला. मदतीला पुढे आलेला इगाराशीचा हात आजीने चापटी मारून बाजूला केला. हरणाची शिंगं वाद्याच्या मानेखाली सरकली, टक् असा आवाज आला, आणि चौकट हलवून बघितली तरी काही वाजेना.

"बसली एकदाची," फुमिनो आजी म्हणाली. "वर्षभर माझ्या घरात नुसती खुडखुड करत होती बया. शेजार नसला की बाईमाणसाचं असंच होतं."

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. गेल्या वर्षीच्या चौकटी घेऊन लोक यायला लागले. काठी टेकत, चाकाच्या खुर्चीत, कुणी लेकाच्या पाठुंगळी. मांजराचा फोटो खरवडून काढायला मोरिएने गरम पाण्याचं फडकं दिलं. दुसऱ्या दिवशीही तीच गर्दी. मोरिएचा तोफू न्याहारीच्या वेळेलाच संपला आणि पेटीचा तळ दिसायला लागला. तोकिएचा आनंद मनात मावत नव्हता, पण भटजींचं बोलणंही मनातून जात नव्हतं.

सातव्या दिवशी, रीतीप्रमाणे सात रानभाज्यांची पेज खाऊन लोक बाहेर पडले होते तेव्हा कुरोइवासान आले. त्यांनी पेटीत डोकावलं, गर्दीकडे बघितलं आणि खुशीत टाळी वाजवली.

"हे उत्तम झालं, तोकिएसान. इथेच एक लहानसं देऊळ बांधू. संघ खर्च करेल. पुढच्या वर्षीच्या कोड्यात म्हातारबाबा पक्के. तुमच्या गुडघ्यांनाही आराम."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. देव जहाजावर राहणार होता. फक्त हो म्हणायचं होतं. आणि गुडघे, ते तर आत्तापासूनच हो म्हणत होते.

तोकिए कधी चारचौघांत मोठ्याने बोललेली नव्हती. तिने हात मांडीवर ठेवले.

"नाही, कुरोइवासान. हे इथे पाहुणे म्हणून आले. दर वर्षी आणीन मी त्यांना, जमेल तोवर. पण घर वर आहे त्यांचं. पाहुण्याला आवडला म्हणून ठेवून घेत नाहीत. तेवढ्यासाठी तुम्ही त्यांना कोड्यातून काढणार असाल, तर काढा."

गेलं हातचं, असं तिला वाटलं. कुरोइवासान गोरेमोरे झाले. तिने मूर्तीला नमस्कार केला, कापडात गुंडाळली, पट्टा उचलला आणि उठायला गेली, तो गुडघ्याने दगा दिला. ती परत खाली बसली.

तेव्हा फुमिनो आजीने काठी जमिनीवर आपटली. "पाहुण्याला पोचवायला यजमान जातो, ही रीत आहे की नाही या गावात? ए कुरोइवा, तू तरुण आहेस. वळ, पाठ कर."

कुरोइवासान सत्तरीला टेकले होते. त्यांना तरुण म्हणणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी कोट काढून मोरिएकडे दिला आणि मुकाट्याने पाठ केली. तोकिएने पट्टा बांधला, गाठ दोनदा तपासली.

मग सगळेच निघाले. मोरिएने दुकानाला फळी लावली. इगाराशी तोकिएला कोपराला धरून चालला, पाठीमागे फेरीला आलेली पोरंबाळं, त्यांचे आईबाप. ज्यांना चढवत नव्हतं तेही तिथूनच परतले नाहीत. ज्याला जितकं जमलं तितकं चढून तिथल्या पायरीवर बसले. फुमिनो आजी तिसऱ्या पायरीवर बसली आणि तिथूनच वरच्यांना पाय सांभाळून ठेवायला सांगत राहिली.

वर पोचल्यावर कुरोइवासाननी देवाला जागेवर बसवलं. शर्ट पाठीला चिकटला होता. ते तिथेच खाली बसले, खालचा समुद्र, छपरं, मासेमारीच्या होड्या बघत राहिले, मग वळले आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकले. बराच वेळ उठले नाहीत. तोकिएला आधी काळजी वाटली, मग कळलं, त्या दिवशीचा राहिलेला नमस्कारही त्यात होता.

"कोडं आहे तसंच राहू दे," ते शेवटी म्हणाले. "आणि खाली पाटी लावू. पाचव्या दिवशी म्हातारबाबा खाली येतात, सातव्या दिवशी सगळ्यांनी पोचवायला यायचं." मग घाम पुसत पुढे म्हणाले, "पाठीवर घ्यायला मीच येईन. नवख्या माणसाचं काम नाही ते."

तोकिएने वाटीतलं पाणी बदललं. तेवढ्यात खालून, पायऱ्यापायऱ्यांवर बसलेल्या माणसांच्या तोंडून हातोहात चढत, फुमिनो आजीचा निरोप वर आला: पोचले का नीट?

कुरोइवासाननी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांना अजून दम लागलेला होता. तेव्हा तोकिएच कठड्याशी गेली, हातांचा कर्णा केला, आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोचले, आजी. घरी पोचले."