रेघेतलं घर

रेघेला जाडी नसते असं मी समितीपुढे पहिल्यांदा सांगितलं, त्या बुधवारी अबू सलामांचं घर चाळीस मीटरांवरून बारा मीटरांवर आलं. पडझड झाली नाही. कुणाला खरचटलंही नाही. दोन्हीकडच्या भिंती आत सरकल्या आणि अंगणातल्या तुतीने आपल्या फांद्या आवरून घेतल्या.

मी नकाशा कार्यालयात आरेखक आहे. नाव हानोख झिराडकर. अलिबागजवळच्या झिराडचे आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. मी चौदा वर्षांचा असताना वडील आम्हाला इथे इस्रायलमध्ये घेऊन आले, आणि तेव्हापासून मी लोद गावात राहतो. इकडच्यांना तिकडच्यांपासून तोडणारी भिंत कुठून जाणार ती पहिली रेघ हाताने, पेन्सिलीने काढायची अशी आमच्या कार्यालयाची पद्धत आहे. मी शुक्रवारी काढलेली रेघ रविवारी सकाळी जमिनीवर उभी असते, आठ मीटर उंच, काँक्रीटची. ती कशी उभी राहते हे मी कधी विचारलं नाही. आपलं काम टेबलापुरतं, असं म्हणत तीस वर्षं काढली.

रेघ काढण्याआधी जागा पाहून यावी लागते. तशी मी अबू सलामांकडे पाहणी केली होती. म्हातारा माणूस, कमरेला छाटणीचा चाकू. माझ्या काखेतली नकाशाची गुंडाळी पाहूनच मी कशाला आलोय ते त्यांना कळलं. तरी त्यांनी तुतीखाली खुर्ची टाकली आणि मरमियाचा पाला घातलेला चहा दिला. चहा आणणारी त्यांची सून नुहा. तिला सातवा महिना होता.

"मुहंदिस," अबू सलामा म्हणाले. मुहंदिस म्हणजे इंजिनियर. मी इंजिनियर नाही हे दोनदा सांगूनही त्यांनी ते सोडलं नाही. "घर आणि विहीर एकाच बाजूला ठेवा. कुठली बाजू ते तुम्ही ठरवा. त्यावर आम्ही भांडणार नाही."

"बघतो," मी म्हणालो, आणि दुसरा पेला चहा घेतला.

शुक्रवारी दुपारी कार्यालय रिकामं व्हायला लागलं. सूर्यास्ताला शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आत घरी पोचायचं होतं. पेन्सिल बोथट झाली होती. टोक काढायला दोन मिनिटं लागली असती. मी ती दोन मिनिटं वाचवली. रेघ ओढता ओढता मिल्काचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. मी हात उचलला.

"अहो, येताना खजूर आणा. उद्याच्या मलिद्याला एकही नाहीये."

आमच्या लेकीला, रिव्काला, दिवस गेले होते, आणि ती सुखरूप बाळंत व्हावी म्हणून मिल्काने एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिद्याचा नवस केला होता. गोड पोहे, खोबरं, पाच फळं, असं ताट. आणतो म्हणालो, पेन्सिल पुन्हा कागदावर टेकवली आणि रेघ पुरी केली. खजूर चांगले मिळाले.

आमच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे वीस मीटर. बोथट पेन्सिलीची रेघ दोन मिलिमीटर जाड येते. रविवारी सकाळी घर, विहीर आणि तुतीचं झाड, तिन्ही रेघेत होती. एका भिंतीच्या दोन भिंती झाल्या होत्या, आणि मध्ये ती माणसं. एका अर्थी त्यांचं म्हणणं मी पाळलं होतं.

नुहाचा नवरा सलामा कामाला गेला होता, म्हणून तो तेवढा बाहेर राहिला. रेघेतल्या माणसांचं बोलणं बाहेर येताना कागदावर पेन्सिल घासल्यासारखं ऐकू येतं. सलामा भिंतीला कान लावून उभा राहायचा. मग त्याने अर्ज केला. माझे वडील आणि बायको रेघेत राहतात, असं त्याने लिहिलं.

समिती महिन्यातून एका बुधवारी आमच्याच तळघरात बसते. तिघं जण, एक थर्मास. त्यांनी मला बोलावलं.

"रेघ तुम्ही काढलीत?"

"हो."

"रेघेला जाडी असते?"

झिराडच्या शाळेत बाईंनी आम्हाला पन्नास वेळा घोकून घेतलं होतं. रेषेला लांबी असते, जाडी नसते. मी तेच सांगितलं. अध्यक्षांनी लिहून घेतलं. जाडी नसलेल्या जागेत कुणी राहू शकत नाही, सबब अर्ज निकाली. माझं उत्तर खोटं नव्हतं. घरी जाताना मी स्वतःला हे सांगत राहिलो, आणि लोद येईपर्यंत मलाच ते ऐकवेनासं झालं.

फोन आला तेव्हा मी हात उचलला होता, त्या जागी रेघेत केसभर फट राहिली आहे. जमिनीवर ती दोन मीटरांची आहे, पण मलाच दिसते. मी तिथून आत गेलो. आत सगळं शिशाच्या रंगाचं होतं, चहासुद्धा. अबू सलामांनी मला पाहून खुर्ची टाकली, फक्त या वेळी ती भिंतीला समांतर टाकावी लागली.

"वाट आहे," मी म्हणालो. "माझ्याबरोबर चला."

मी नुहाचा हात धरला आणि फटीतून बाहेर पडलो. बाहेर आलो तेव्हा हातात हात नव्हता. परत आत गेलो तर ती कपाळाला लागलेलं शिसं ओढणीने पुसत होती.

"ती वाट तुमच्यापुरती आहे," अबू सलामा म्हणाले. "आमची वाट समितीतून जाते. पेन्सिल बोथट होती एवढंच सांगा. नाहीतरी ती होतीच ना?"

"होती."

"मग झालं."

दुसऱ्या बुधवारी मी ते सांगणारच होतो. पण प्रश्न तोच आला, आणि गेल्या महिन्यात दिलेलं उत्तर बदलायचं म्हणजे गेल्या महिन्यात का दिलं ते सांगावं लागलं असतं. मी तेच उत्तर दिलं. बारा मीटरांचं जेमतेम चाळीस सेंटिमीटर झालं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी रिव्का बाळंत झाली. मुलगी. मिल्काने नवस फेडायला पुन्हा मलिदा केला. पाहुणे गेल्यावर मी तिला म्हणालो, कामावर एक बाई आहे, तिचे दिवस भरत आलेत.

"मग हे काय विचारणं झालं? तिला ताट न्या," मिल्का म्हणाली, आणि तिने खजुरांसकट ताट भरलं.

रेघेत आता घराला खोल्या उरल्या नव्हत्या. एक लांबच लांब बोळ होता. त्यात एकापुढे एक खाटा, मग चूल, मग फळीसारखी सपाट झालेली तुती. विहिरीची चीर झाली होती. बादली आत जात नव्हती, अबू सलामा दोरीला बाटली बांधून पाणी काढत होते. त्यांना अंग आडवं करून चालता यायचं. नुहाला येत नव्हतं. तिचं पोट पुढे आलं होतं, म्हणून ती सरळ तोंड करूनच चालायची, आणि वळता येत नसल्यामुळे तशीच पावलं मागे टाकत परतायची. मी गेलो तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती. ती तशीच बोलली.

"सलामा बाहेर उभा असतो का?"

"असतो."

"त्याला सांगा, आठ दिवस राहिलेत."

मला ताट पुढे करायचं होतं. पण ताट बोळापेक्षा रुंद होतं. ते तिरकं करावं लागलं, आणि तिरकं केल्यावर मलिदा घसरला. पोहे, खोबरं, खजूर, सगळं माझ्या बुटांवर पडलं. अबू सलामा खाली वाकले आणि एकेक खजूर वेचून फुंकून सुनेच्या खांद्यावरून तिच्या हातात देऊ लागले. मी उभा होतो. मला इतकी लाज वाटली की वाकून मदत करायचंसुद्धा सुचलं नाही.

निघताना त्यांनी खिशातून माझी पेन्सिल काढली. मागच्या खेपेला माझ्या कानावरून पडली असावी. छाटणीच्या चाकूने त्यांनी तिला टोक काढलं होतं, सुईसारखं, एकसारखं. मला आयुष्यात असं टोक जमलेलं नाही.

"आता बारीक काढा, मुहंदिस," ते म्हणाले. "घर एका बाजूला, विहीर त्याच बाजूला."

घरी मिल्का ताट घासत होती.

"अहो, याला शिसं लागलंय. जात नाहीये."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं.

"पेन्सिल बोथट होती हे सांगितलंत?"

"बुधवारी सांगतो."

"म्हणजे दोनदा नाही सांगितलंत."

तिने ताट पालथं घातलं आणि दुसऱ्या खोलीत गेली. त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर माझ्या आणि तिच्या मध्ये एक करडी रेघ आहे. ती पुसण्याच्या भानगडीत आम्ही दोघंही पडलो नाही.

तिसऱ्या बुधवारी मी वाक्य पाठ करून गेलो. पेन्सिल बोथट होती, चूक माझी आहे. सहा शब्द. जिना उतरताना ते मोठ्याने म्हणून पाहिले, नीट आले.

अध्यक्ष माझी फाइल चाळत होते.

"झिराडकर. हे झिराड कुठे आलं?"

"अलिबागजवळ."

"म्हणजे कुठे?"

"हिंदुस्थानात."

"आणि तुम्ही इकडचेच ना?"

इथे आल्यावर माझे वडील वर्षभर एका सरकारी कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहिले होते. खिडकीतला माणूस विचारायचा, तुम्ही खरंच यहुदी आहात का? वडील म्हणायचे, आहोत. तो म्हणायचा, कागद कुठाय? झिराडला पिढ्यानपिढ्या शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्यांना तसा कागद कुणी दिला नव्हता. मी वडिलांच्या शेजारी त्या खिडकीखाली उभा असायचो. कुठल्याच बाजूला न मोजलं जाणं म्हणजे काय, हे त्या तळघरात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"इकडचाच," मी म्हणालो.

"रेघेला जाडी असते?"

"रेषेला लांबी असते," मी म्हणालो. "जाडी नसते."

अध्यक्षांनी थर्मासमधून मला चहा ओतून दिला. मी तो प्यायलो.

वर माझ्या टेबलाशी झिव्हा, आमची प्रमुख, नकाशावर वाकून उभी होती. तिने भिंग मला दिलं.

"इथे बघ, हानोख. हात उचललास तू. जोडून टाक, म्हणजे फाइल बंद करते."

"थोडा वेळ दे."

"कशाला? केसभर तर आहे."

खिशात ती एकच पेन्सिल होती. टोक अजून शाबूत होतं. मी ती फटीच्या एका काठावर टेकवली आणि दुसऱ्या काठापर्यंत नेली. इतकी बारीक रेघ मी कधीच काढली नव्हती. तिच्यात खरोखरच काही मावलं नसतं.

"सुंदर," झिव्हा म्हणाली. मी पेन्सिल टेबलावर ठेवली. तिने नकाशाची गुंडाळी करायला घेतली आणि थांबली.

"अजून काढतोयस का काही?"

"नाही."

"मग हा आवाज कसला?"

पेन्सिल आम्हा दोघांच्या मध्ये पडली होती. गुंडाळीतून कागदावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, अगदी बारीक, नवा, मध्येच श्वास घ्यायला थांबणारा, आणि पुन्हा सुरू होणारा.