रखमाबाईच्या पायावरचा आळ

मी गाडी बोलतेय. भाईंदर पूर्वेला एका जुन्या सोसायटीत, पाण्याच्या टाकीला लागून उभी असते ना, तीच तपकिरी गाडी. माझं ऐकून घ्या म्हणजे झालं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. हल्ली मला माणसांचा भरवसा वाटत नाही, आणि माणसांनी तरी माझ्यावर कुठे ठेवला होता?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. कुणी दारं लावली, कुणी काचा बसवल्या, कुणी पोटात ऑटोमॅटिक गिअरचा डबा घातला. त्या डब्यातलं काहीतरी मला पहिल्या दिवसापासून टोचत होतं, नवी चप्पल चावते तसं. म्हटलं, होईल सवय. शेवटी एकाने डाव्या सीटखालच्या पत्र्यावर लांबलचक चेसिस नंबर ठोकला. तो जगात फक्त माझा. गाड्यांच्या दुनियेत तेच आपलं खरं नाव. बाहेरची नंबर प्लेट काय, माणसं लावतील ती.

मला घरी आणलं बाळारामांनी. ते जुन्या भाईंदरचे कोळी. एके काळी स्वतःची होडी होती, आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे घरात बसून असतात. त्यांची बायको रखमाबाई मात्र अजून पहाटे बंदरावरून मासळी आणते आणि बाजारात विकायला बसते. बाळारामांना क्लच दाबवेना झाला तेव्हा ती म्हणाली, "मना शिकवा, मी चालवीन." म्हणून बिनक्लचची मी आले. पूनम सागरजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोरासोरांच्या रांगेत बसून ती शिकली, आणि खरं सांगते, त्या सगळ्यांपेक्षा नीट शिकली. वळताना मान वळवून मागे बघणारी मला भेटलेली ती एकमेव बाई.

बाळारामांनी तेवढ्यात एक उद्योग केला. त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा नंबर म्हणे फार लाभला होता. ती भंगारात देताना त्यांनी आरटीओत खेटे घालून तो नंबर राखून ठेवला आणि मला लावला. थोरलीचं नाव धाकटीला ठेवावं तसंच झालं हे. मला ते तेव्हाच खटकलं होतं, पण मला विचारतो कोण?

दोन वर्षं बरी गेली. मग माझ्या पोटातली ती टोचणी वाढली. उभी राहून निघताना मी क्षणभर अडायचे आणि मग एकदम उसळी घ्यायचे. रखमाबाई घरी सांगायची, पण तिचं बोलणं कुणी मनावर घेत नव्हतं. आणि एके दिवशी केबिन रोडवर, गर्दीत हळूहळू सरकताना, मी अशी उसळले की समोरची पेरूची हातगाडी कलंडली. माणूस वाचला, पेरू मात्र रस्ताभर गडगडले.

संध्याकाळी कंपाउंडमध्ये माझ्याभोवती पंचायत भरली. मुलगा नीरज म्हणाला, "आई, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला असशील तू. होतं असं."

"न्हाय रं. माझा पाय ब्रेकवरच होता."

शेजारचे हितेशभाई समजुतीच्या सुरात म्हणाले, "मासी, इस उमर में हो जाता है. टेन्शन नहीं लेने का."

 बाळारामांनी बायकोच्या पायांकडे पाहिलं. मग नीरजनेही पाहिलं, हितेशभाईंनीही. त्या दिवसापासून ती गाडीत बसायला आली की सगळे तिच्या पायांकडेच बघायचे. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला होता!

अल्पेश मेकॅनिकला बोलावलं. त्याने मला एक चक्कर मारून आणली, आणि डॉक्टरसमोर ताप उतरावा तशी माझी टोचणी नेमकी तेव्हाच गप्प बसली. "गाडी मस्त आहे अंकल. गाडीत काय प्रॉब्लेम नाय," असं म्हणत त्यानेही रखमाबाईकडे तिरका कटाक्ष टाकला. दोष गाडीचा नाही तर मग कुणाचा, हे सांगायची त्याला गरजच पडली नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढे झाली. दुपारी कुणी नसताना रखमाबाई येऊन माझ्यात बसली. इंजिन बंदच होतं. वाकून स्वतःच्या पायाकडे बघत ती ब्रेक दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. तिलाच आता आपल्या पायाचा संशय येऊ लागला होता. मला बोलता आलं असतं तर मी तिथेच ओरडले असते.

सून संचिता ऑफिसातून एक बातमी घेऊन आली. तिच्या मैत्रिणीची गाडी माझ्याच जातीची. त्या गाडीला कंपनीने परत बोलावलं होतं. गिअरचा एक भागच सदोष निघाला, फुकट बदलून देतायत. याला रिकॉल म्हणतात. "आपली पण त्यात असेल," संचिता म्हणाली.

नीरजने लगेच मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये माझा प्लेटवरचा नंबर टाकला. सगळे त्याच्या मोबाइलवर वाकले. "नो रिकॉल," त्याने वाचून दाखवलं. "झालं समाधान?"

रखमाबाईने चावी माझ्या बॉनेटवर ठेवली. "विका गारी," ती म्हणाली. "बाजारबी बस झाला मना."

पंचवीस-तीस वर्षांचा तिचा धंदा असा एका ओळीत संपत होता. बाळाराम खाली मान घालून चावी उचलून घेऊन गेले.

जाहिरातीसाठी माझे फोटो काढायला रविवारी संचिता खाली आली. माहिती भरायला तिने तेच ॲप उघडलं. रंग, पांढरा. गिअर, हाताने टाकायचे. तिने मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अशी हाक मारली की बाळाराम गुडघे विसरून खाली आले.

"बाबा, आपली गाडी कुठल्या रंगाची आहे?"

"ही काय, चाकलेटी. का गो?"

"मग यात पांढरी कशी? ही तर तुमची जुनी गाडी आहे! नंबर तुम्ही तोच ठेवलात, आणि या ॲपला अजून तीच ठाऊक आहे. आपण भंगारातली गाडी तपासत बसलो होतो!"

बाळारामांचा चेहरा पडला. संचिताने डावी सीट मागे सारली, मासळीच्या वासाची मॅट उचलली, टॉर्च मारला आणि माझं खरं नाव वाचून कंपनीच्या साइटवर टाकलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी नावाने हाक मारत होतं. उत्तर आलं: गिअरचा भाग बदलायचा आहे, गाडी घेऊन या.

बाळाराम जिन्याच्या पायरीवर बसले. "मना वाटलं, तिचाच पाय चुकला."

"हे मला नका सांगू बाबा. आईंना सांगा."

त्यांनी सांगितलं. "चुकलं माझं," असं तोंड भरून म्हणाले. रखमाबाई "बरं" एवढंच म्हणाली.

आता माझा तो भाग बदललाय. टोचणी गेली, उसळी गेली. तुम्हाला हात जोडून सांगते, तुमच्या घरची गाडी अशी वागली तर आधी सीटखालचा नंबर तपासा, चालवणाऱ्याचे पाय नंतर. मी यापुढेही तुमच्यावर नजर ठेवून असणारच.

काल रखमाबाईने पुन्हा चावी हातात घेतली. बाळाराम शेजारी बसले, हसतखेळत. पण केबिन रोडवर गर्दी लागली आणि त्यांचा उजवा हात चोरून हँडब्रेकवर गेला. तिने मला भर रस्त्यात थांबवलं. मागे रिक्षावाले भोंगे वाजवू लागले, कुणीतरी हिंदीत शिव्याही घातल्या. ती समोर बघत शांत बसून राहिली.

"अगो, चल ना. लोकं वरडतात."

"हात काढा."

"सवयीनं गेला गो."

"गारी नीट झाली ना? मंग हात काढा."

बाळारामांनी हात काढला आणि मांडीवर ठेवला. मग तिने ब्रेकवरचा पाय उचलला, आणि मी निघाले.