जांभळ्या वेलीवर चाललेली कात्री

मित्रांनो, बागेच्या कोठीत दाराआड खिळ्याला टांगलेली, लाल मुठींची छाटणीची कात्री म्हणजे मी. वसंत लागला की माझे दिवस पालटत. आधी गुलाबांची छाटणी, मग वाळक्या काड्या, मग कुंड्या बदलताना गुंतलेली मुळं. काम संपलं की या घरचे आजोबा मला पुसून तेलाचं बोट फिरवत आणि म्हणत, “कात्रीला नुसती धार असते, अक्कल आपण पुरवायची.”

गेल्या हिवाळ्यात आजोबांची नजर अधू झाली; अगदी जवळचं तेवढं दिसे. डॉक्टर म्हणाले, हा वसंत दिसेल; पुढच्याचं सांगता येत नाही. तेव्हापासून त्यांचा एकच धोशा होता: खिडकीवरची जांभळी वेल फुललेली एकदा डोळे भरून पाहायची. ती आजींनी लावलेली.

त्यांची सून मोठी कामसू. कामसू माणसांचा एक दोष मी पाहून ठेवला आहे: त्यांना हात आवरता येत नाही. एका सकाळी तिने गुलाब छाटले. झाडं कशी मोकळी झाली! मग तिची नजर वेलीच्या खरबरीत, आडव्यातिडव्या काड्यांवर गेली. “बाबांसाठी हिलाही जरा नीटनेटकी करू,” म्हणत तिने मला कचाकच चालवलं.

गुलाब नव्या फुटीवर फुलतो, म्हणून तो वसंतात छाटतात. ही वेल मात्र गेल्या वर्षीच्या काडीवर फुलते. ढीग उचलताना एका काडीवरचा फुगीर डोळा तिच्या नखाने सोलला गेला. आत जांभळा कण होता. या वर्षीचा सगळा फुलोरा त्या ढिगात होता, हे तिला तेव्हा कळलं.

“सूनबाई, कळ्या दिसतात का गं?” खिडकीतून आजोबांनी विचारलं.

“येतील, बाबा. अजून गारठा आहे ना.”

गारठा कसला! तिच्या कपाळावर घाम होता.

त्यानंतर बागेचं नशीब उघडलं. अपराधी माणसाइतकं कष्टाळू कोणी नाही. तिने वाफे खणले, खत मिसळलं, बिया पेरल्या, कुंड्या घासल्या. मला तर इतकं तेल पाजलं की मी खिळ्यावरून निसटू लागले. पण खिडकीसमोरून जाताना ती मान वर करत नसे. रोज तोच प्रश्न, रोज नवी थाप. कधी ऊन कमी, कधी पाणी जास्त. शेवटी म्हणाली, “वेलच म्हातारी झाली, बाबा.”

“माझ्यासारखीच,” एवढंच आजोबा बोलले.

ते मात्र तिला सोसवलं नाही. मी तिच्या एप्रनच्या खिशात होते, तशीच ती आत जाऊन त्यांच्या पायाशी बसली. “वेल म्हातारी नाही. मी छाटली. सगळी.”

“पहिल्याच दिवशी सांगायचंस गं,” आजोबा म्हणाले. “मी वाट बघत बसलो ना.”

रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आता एकच वेल उरली होती, नणंदेच्या फाटकावरची. याच वेलीची फांदी न विचारता नेऊन तिने ती रुजवली होती, आणि सुनेने तिला चारचौघांत फांदीचोर म्हटलं होतं. तेव्हापासून दोघींत अबोला. तरी सुनेने मला पिशवीत टाकलं, आजोबांचा हात धरला आणि ती त्या दारात जाऊन उभी राहिली. वेल छाटल्याची बातमी तिथे आधीच पोचली होती.

“कात्रीसकट आलात, वहिनी? आता माझीही उडवणार का?”

“तुमचे गुलाब छाटायला आणली, ताई. आणि चोर म्हणाले, ते चुकलं माझं.”

नणंद हसली नाही, पण फाटक उघडलं. “गुलाब मागच्या बाजूला आहेत. वेलीपासून लांबच राहा.”

फाटकाखालच्या खुर्चीत बसून आजोबा जांभळा एकेक घोस डोळ्यांजवळ ओढून पाहत होते. “सूनबाई, ये ना, बघ तरी!” त्यांनी हाक मारली.

“तुम्ही बघा, बाबा,” ती म्हणाली, आणि गुलाबांपासून वळली नाही. मी तिच्या मुठीत होते. पण ती काहीच छाटत नव्हती.

मित्रांनो, मला पुसा, कोरडी ठेवा, वेळच्या वेळी धार लावा. पण माझ्या पात्यांत फांदी देण्याआधी ती कशी नि कधी फुलते, हे विचारून घ्या. तरीही चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. छाटलेली वेल पुन्हा फुटते. आजोबांनी रिकाम्या खिडकीकडे बघत घालवलेले नजरेचे दिवस मात्र पुन्हा फुटत नाहीत.